दशांश पट्टीवर की नफ्यावर? आणि वाचकांचे आणखी काही प्रश्न

वेळ कमी, पैसा त्याहून कमी, तरी प्रभूसाठी काही टिकाऊ काम हातून व्हावे असे ज्यांना वाटते त्यांनी प्रश्न पाठवावेत, असे मागच्या अंकात लिहिले होते. पत्रे बरीच आली. सारखे प्रश्न एकत्र करून सहा निवडले आहेत. नावे मुद्दाम दिलेली नाहीत.

मी मिरजेत परिचारिका आहे. ड्युटी कधी सकाळची, कधी दुपारची, कधी रात्रीची. दर १ जानेवारीला ‘वर्षभरात बायबल’ सुरू करते आणि फेब्रुवारीत थांबते. रोज पंधरा मिनिटांच्या वर मिळत नाहीत.

ताई, फेब्रुवारीत थांबणाऱ्या तुम्ही एकट्या नाही. तो हिशेबच तसा आहे. बायबलचे अध्याय १,१८९, म्हणजे रोजचे सव्वातीन. रोज तीन धरले तरी उत्पत्तीचे ५० आणि निर्गमाचे ४० अध्याय ३० दिवसांत संपतात आणि ३१ जानेवारीला लेवीय दारात उभे राहते. त्याच्या आधी निर्गमाच्या २५व्या अध्यायापासून निवासमंडपाच्या फळ्या, पडदे आणि कड्यांची मापे वाचून माणूस दमलेला असतो. त्यात रात्रपाळीचा एक आठवडा आला की २१ अध्यायांची थकबाकी. ती फेडायला बसलेला माणूस वाचत नाही, पाने उलटतो. मग पुस्तकच कपाटात जाते.

तुमच्या पंधरा मिनिटांना बसेल असा हिशेब नव्या करारात आहे. त्याचे अध्याय २६०. आठवड्याला पाच दिवस, ५२ आठवडे, बरोबर २६०. एक अध्याय मोठ्याने वाचायला सरासरी पाच मिनिटे पुरतात. काही लांब आहेत, लूकच्या पहिल्या अध्यायात ८० वचने आहेत, त्या दिवशी फक्त वाचन होईल. एरवी उरलेल्या दहा मिनिटांत त्यातलाच एक परिच्छेद पुन्हा वाचा, वहीत एक ओळ लिहा आणि त्या ओळीवर प्रार्थना करा. सुरुवात मार्कपासून करा. १६च अध्याय आहेत, चौथ्या आठवड्यात एक पुस्तक पूर्ण झालेले दिसते आणि हुरूप येतो.

आठवड्याचे दोन दिवस मोकळे ठेवले आहेत ते चुकलेले भरून काढण्यासाठी. त्याहून जास्त राहिले तर सोडून द्या, रविवारी पाटी कोरी. आणि वेळ घड्याळाला बांधू नका, ड्युटीला बांधा. ‘पहाटे साडेपाच’ हा नियम तुमच्या नोकरीत पंधरा दिवसही टिकणार नाही. ‘गणवेश चढवण्याआधी’ हा टिकेल, कारण पाळी कोणतीही असो, गणवेश चढवावाच लागतो. मोबाइलवर वाचत असाल तर आधी फ्लाइट मोड लावा. छापील प्रत वॉर्डात नेत असाल तर ती वॉर्डाचीच राहू द्या, घरी उशाशी नको. वॉर्डातले जंतू घरी का आणू नयेत हे आम्ही तुम्हाला सांगायला नको.

जुन्या कराराचे ९२९ अध्याय याच चालीने साडेतीन वर्षे घेतील. घेऊ द्या.

लेंटमध्ये (पुनरुत्थानाच्या सणाआधीच्या उपवासकाळात) चारही शुभवर्तमाने वाचून होतील का, असे दुसऱ्या एका पत्रात विचारले आहे. त्याला इथेच उत्तर: होतात. राखेच्या बुधवारपासून पुनरुत्थानाच्या आदल्या शनिवारपर्यंत रविवार धरून ४६ दिवस होतात आणि चारही शुभवर्तमानांचे मिळून ८९ अध्याय आहेत. रोज दोन वाचले तरी दीड दिवस हाताशी राहतो.

संगमनेर तालुक्यात एक एकर कांदा आहे. सोसायटीचे पीक कर्ज डोक्यावर. दशांश (कमाईचा प्रभूला द्यायचा दहावा भाग) पूर्ण पट्टीवर, म्हणजे विक्रीच्या सगळ्या रकमेवर काढायचा की खर्च वजा जाता? घरची म्हणते आधी कर्ज फेडा.

भाऊ, आधी आकडे मांडू. ८० क्विंटल माल निघाला, १,५०० रुपये भाव मिळाला, तर पट्टी १,२०,००० रुपयांची. रोप, लागवडीची मजुरी, खते, औषधे, वीज, काढणी, गोणी, गाडीभाडे, हमाली, तोलाई आणि कर्जाचे व्याज मिळून ७०,००० गेले असे धरा. हातात ५०,००० राहिले. दशांश ५,०००. हाच दशांश पट्टीवर काढला तर १२,००० होतो, म्हणजे खऱ्या कमाईचा जवळपास चौथा हिस्सा. आता भाव ७०० वर आला असे समजा. पट्टी ५६,००० ची, तोटा १४,००० चा, आणि पट्टीवरच्या हिशेबाने ५,६०० रुपये द्यायचे. ते तुम्ही आणणार कुठून? सावकाराकडून. उसने आणून वेदीवर ठेवायला शास्त्र कुठेही सांगत नाही. करिंथकरांस दुसरे पत्र, ८:१२ मध्ये उलटच लिहिले आहे: जवळ असेल त्या मानाने दिलेले मान्य होते, नसेल त्या मानाने नव्हे.

म्हणून आमचे मत: पगारदाराने हातात येणाऱ्या पगारावर काढावा, शेतकऱ्याने आणि दुकानदाराने खर्च वजा जाता. अनुवाद १४:२२ मध्ये शेतातल्या सगळ्या उत्पन्नाचा दशांश सांगितला आहे, खर्चाचा शब्द नाही, असा आक्षेप येईल. पण तेव्हा बियाणे घरचे, खत घरचे, बैल घरचे. शिवाय तोच अध्याय पुढे वाचावा. तो दशांश कुटुंबाने परमेश्वरासमोर बसून खायचा होता आणि दर तिसऱ्या वर्षी लेवी (उपासनेची सेवा करणाऱ्या वंशातले), परका, अनाथ आणि विधवा यांच्यासाठी गावातच साठवायचा होता. तेवढाच भाग वगळून फक्त टक्केवारी उचलणे बरोबर नाही.

खर्चात काय धरायचे यावर घरोघरी घोळ होतो. पीक कर्जाची मुद्दल ही कमाई नव्हे, म्हणून ती हातात येते तेव्हा दशांश नाही, आणि परत करता तेव्हा ती वेगळा खर्चही नाही, कारण त्या पैशाने आणलेले खत आधीच खर्चात धरले आहे. दोन्हीकडे मोजू नका. घरच्या माणसांची मजुरी खर्चात धरू नका, ती तुमचीच कमाई. विहीर किंवा घराच्या कर्जाचा मुद्दलाचा हप्ताही खर्च नव्हे, त्यातून मालमत्ता उभी राहते. पीक विम्याचे पैसे आले तर आधी बुडालेला खर्च भरून काढा, वर काही उरले तरच दशांश.

कांदा चाळीत ठेवून टप्प्याटप्प्याने विकत असाल तर वहीच्या शेवटच्या पानावर पेरणीपासूनचा खर्च लिहीत चला. तेवढी रक्कम वसूल होईपर्यंत काहीच काढू नका. त्यानंतरच्या प्रत्येक पट्टीचा दहावा भाग त्याच दिवशी वेगळा करा, घरी पोचल्यावर नाही. बाजार समितीतून घरी येईपर्यंत वाटेत कृषी सेवा केंद्र लागतेच.

राहिला वहिनींचा मुद्दा. त्यांचे निम्मे बरोबर आहे. हप्ता थकलेला असेल तर आधी तो, कारण ते पैसे दुसऱ्याचे आहेत. पण कर्ज पूर्ण फिटेपर्यंत द्यायचेच नाही असे ठरवले तर शेतकऱ्याच्या आयुष्यात तो दिवस उगवत नाही. तोट्याच्या वर्षी उपकारस्तुतीच्या सणाला एक पाटी कांदा ठेवा. मिझोराममध्ये बायका शंभरहून अधिक वर्षे प्रत्येक स्वयंपाकाच्या वेळी मूठभर तांदूळ मंडळीसाठी बाजूला काढत आल्या आहेत आणि तिथल्या सुवार्ताकार्याचा मोठा भार त्या मुठीने उचलला आहे. ती मूठ काढणारी घरे श्रीमंत नव्हती.

माझा भाऊ कॅनडात आहे, तिथले नागरिकत्व घेतले आहे. गावच्या मंडळीच्या बालवाडीसाठी तो दरमहा पैसे पाठवू इच्छितो. माझ्या खात्यावर मागवून देऊ का?

देऊ नका. कॅनडाचे नागरिकत्व घेतल्यावर तो कायद्याने परदेशी झाला, ओसीआय कार्ड (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या मूळ भारतीयांना मिळणारे) असले तरी. त्याचे दान हे परदेशी अंशदान. ते घ्यायला संस्थेकडे एफसीआरए (परदेशी अंशदानाच्या कायद्याखालची) नोंदणी लागते आणि पैसे स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या तिच्या खात्यातच यावे लागतात. तुम्हाला घरखर्चासाठी पाठवलेले पैसे वेगळे. पण ‘हे मंडळीला दे’ म्हणून पाठवलेले पैसे तुमच्या खात्यातून फिरवले तर तुम्ही आणि मंडळी दोघेही अडचणीत याल. बालवाडी पाचशे रुपये कमी पडले म्हणून बंद पडत नाही, चौकशीने पडते.

भावाजवळ अजून भारतीय पासपोर्ट असता तर प्रश्नच नव्हता. परदेशात राहणाऱ्या भारतीय नागरिकाने आपल्या बचतीतून बँकेमार्फत दिलेले पैसे परदेशी अंशदान ठरत नाहीत. आता त्याने नोंदणी असलेल्या एखाद्या संस्थेमार्फत द्यावे, नाहीतर सुट्टीत येऊन मुलांना महिनाभर शिकवावे.

वसईची निवृत्त शिक्षिका, अविवाहित. फ्लॅट आणि २ लाखांची ठेव आहे. मागे पुतणे आहेत, सुस्थितीत. ठेव गरीब मुलींच्या शिक्षणासाठी कायमची राहावी आणि माझ्यासाठी मिस्सा (चर्चमधला प्रार्थनाविधी) व्हाव्यात असे वाटते. पण ख्रिस्ती माणसाचे धर्मादाय मृत्युपत्र वर्षभर आधी केले नसेल तर रद्द होते असे कुणी सांगितले.

बाई, ते कुणी सांगितले त्यांचा कायदा जुना आहे. भारतीय उत्तराधिकार कायदा, १९२५ च्या कलम ११८ मध्ये तशी अट होती: पुतण्या, भाचा किंवा त्याहून जवळचे नातलग असतील तर धर्मादाय मृत्युपत्र मृत्यूच्या किमान १२ महिने आधी केलेले हवे आणि केल्यापासून ६ महिन्यांत सरकारी ठिकाणी जमा केलेले हवे. ही अट ख्रिस्ती लोकांना जाचत होती. जॉन वल्लमट्टम खटल्यात २००३ साली सर्वोच्च न्यायालयाने ते कलम घटनाबाह्य ठरवले. तुम्ही आज मृत्युपत्र करू शकता आणि स्वकष्टार्जित सगळी मालमत्ता धर्मादाय देऊ शकता. (गोव्यातल्या वाचकांनी हे स्वतःला लावू नये. तिथला कायदा वेगळा आहे, मुले किंवा आईवडील असतील तर निम्म्या मालमत्तेपुरतेच मृत्युपत्र चालते.)

मृत्युपत्र साध्या कागदावर चालते, मुद्रांक लागत नाही. तुमची सही दोन साक्षीदारांनी पाहिलेली हवी आणि त्यांनी तुमच्यासमोर सही केलेली हवी. ज्याला काही मिळणार आहे तो किंवा त्याचा जोडीदार साक्षीदार असेल तर त्याला दिलेले रद्द होते. म्हणून मोलकरणीला काही ठेवणार असाल तर तिला किंवा तिच्या नवऱ्याला सही करायला बोलावू नका. एक साक्षीदार तुमच्याहून तरुण असू द्या. दुय्यम निबंधकाकडे नोंदणी सक्तीची नाही, पण पुतणे असताना ती करावीच. आणि बँकेत किंवा सोसायटीत नॉमिनी लावला म्हणजे काम झाले असे समजू नका. नॉमिनी पैसे ताब्यात घेतो, मालक होत नाही.

सर्वांत जास्त मृत्युपत्रे फसतात ती नावावर. ‘आमच्या चर्चला’ असे लिहू नका. धर्मादाय आयुक्तांकडे ज्या नावाने विश्वस्त संस्था नोंदली आहे ते पूर्ण नाव आणि पी.टी.आर. (विश्वस्त संस्थेचा नोंदणी) क्रमांक लिहा. फादरांकडून नोंदणी प्रमाणपत्राची झेरॉक्स मागून घ्या. उद्देशही एका वाक्यात, पण नेमका लिहा. कॅथोलिक चर्चच्या १९८३ च्या नियमसंहितेप्रमाणे, म्हणजे कॅनन लॉप्रमाणे (कॅनन १२६७) ठरावीक उद्देशासाठी दिलेले दान त्याच उद्देशासाठी वापरावे लागते. मात्र ‘अमुक गावच्या, सातवीतल्या, पितृछत्र हरपलेल्या मुलींसाठीच’ इतका अरुंद उद्देश लिहिला तर पाच वर्षांनी अशी मुलगी मिळत नाही आणि पैसे पडून राहतात. ‘शक्यतो’ हा एक शब्द घातला की वाट मोकळी होते.

आता ‘कायमची’ या इच्छेबद्दल. २ लाखांवर ६.५ टक्क्यांनी वर्षाला १३,००० व्याज येते. महागाई ६ टक्के धरली तर २० वर्षांनी त्या १३,००० ची किंमत आजच्या ४,००० एवढी राहते. वह्या आणि एक दप्तर येईल. तेच २ लाख मुद्दलासह दहा वर्षांत संपवायचे ठरवले तर दरवर्षी सुमारे २७,८०० रुपये मिळतात. त्यात दोन मुलींचे नर्सिंग किंवा आयटीआयचे शिक्षण बऱ्यापैकी पुढे जाते. चर्चच्या भिंतींवर ‘कायमस्वरूपी निधी’च्या ग्रॅनाइटच्या पाट्या पुष्कळ दिसतात. त्यांतल्या किती निधींचे व्याज आज पाटी पुसायलाही पुरत नाही, याची चौकशी एकदा कुणीतरी करावी. आमचा कौल दहा वर्षांत संपवण्याकडे आहे. त्याहून बरे म्हणजे त्यातला काही भाग हयातीतच द्या, म्हणजे मुलगी शिकताना दिसेल आणि काही चुकत असेल तर सांगता येईल.

मिस्सांसाठी वेगळी रक्कम ठेवा. दरवर्षी मिस्सा व्हाव्यात म्हणून निधी ठेवायचा तर बिशपांच्या लेखी परवानगीशिवाय तो स्वीकारता येत नाही (कॅनन १३०४), आणि तो किती वर्षांचा हे कागदावर लिहावे लागते. ही परवानगी हयातीतच मागा. मागाहून नकार आला तर त्या पैशाचे काय करायचे हे सांगायला कुणी नसते.

पुण्यात राहते. सासूबाई अंथरुणाला खिळून आहेत. दोन वर्षांत धड चर्चला जाता आले नाही. माझ्याकडून प्रभूची काही सेवा होत नाही याची खंत वाटते.

ताई, अंथरुणातल्या माणसाला दर दोन तासांनी कूस बदलून देणे ही सेवा नसेल तर मत्तयाचा २५वा अध्याय (आजाऱ्याची सेवा ती माझीच सेवा, असे प्रभू म्हणतो तो) आम्हाला कळलाच नाही. खंत बाजूला ठेवून दोन कामांचे बघा.

पहिले, पाळकांना फोन करून महिन्यातून एकदा प्रभुभोजन घरी आणायला सांगा, दोघींसाठी. बहुतेक मंडळ्यांत ते फक्त आजाऱ्याला देतात आणि सून चहा करत स्वयंपाकघरात राहते. स्पष्ट सांगा की मीही घेणार आहे.

दुसरे, प्रार्थनेची वही. वारांप्रमाणे सात पाने, प्रत्येक पानावर पाच नावे, त्याहून जास्त नाही. नावापुढे तारीख आणि नेमकी गरज लिहा: ‘लग्न’ नव्हे, ‘रविवारी पाहुणे येणार आहेत’. उजवी बाजू उत्तरासाठी कोरी ठेवा. अशा वह्या बंद पडतात त्या नावे वाढल्याने. साठ नावे झाली की प्रार्थना संपून हजेरी सुरू होते. तीन महिन्यांनी वही नव्याने लिहा, जुनी नावे गळू द्या. आणि त्या दिवशीच्या पाच जणांपैकी एकाला दुपारी, सासूबाई झोपल्या असताना, फोन करा. सात-आठ मिनिटे पुरेत. ‘तुझ्यासाठी आज प्रार्थना केली’ हे ऐकणाऱ्याला पुढची दोन वाक्ये आपोआप सुचतात. चर्चला नियमाने जाणाऱ्यांपैकी हे काम करणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके निघतील.

सासूबाईंना भरवताना जुनी गाणी म्हणा. नातवाचे नाव विसरलेल्या माणसालाही लहानपणची उपासनागीते आठवतात.

जालना जिल्ह्यातला आमचा तरुणसंघ. ३,००० रुपये शिल्लक आहेत. काही जण म्हणतात नाताळला मोठा फ्लेक्स लावू. दुसरे काही सुचवाल?

फ्लेक्स जानेवारीत कुणाच्या तरी गोठ्यावर जातो. तुमच्या गावात सत्तरीपुढचे किती जण जुनी पदे, कीर्तनातल्या चाली म्हणू शकतात ते आधी मोजा. त्या चाली छापील गीतपुस्तकात नाहीत. त्या माणसांबरोबर जातील.

रेकॉर्डिंगला नवा माइक लागत नाही. फोन फ्लाइट मोडवर टाका, घडी केलेल्या टॉवेलवर ठेवा, कारण टेबलावर ठेवला तर प्रत्येक ठेका दणदणतो. गाणाऱ्याच्या तोंडापासून वीतभर अंतर, समोर नाही, जरा बाजूला. पंखा आणि फ्रिज बंद. एक पद, एक फाइल. प्रत्येक पद दोनदा घ्या: आधी पेटी-तबल्याशिवाय, म्हणजे शब्द स्वच्छ मिळतात, मग साथीने. साथीच्या वेळी फोन पेटीपासून लांब आणि गाणाऱ्याजवळ हवा. सुरुवातीला तारीख, गाव, गाणाऱ्याचे नाव आणि चाल कुणाकडून शिकली हे त्यांच्याच तोंडून घ्या. शब्द तिथेच बसून लिहा, प्रत्येक चरण वाचून दाखवा. घरी जाऊन ऐकून लिहू म्हणणाऱ्यांच्या वहीत ‘तारका’चे ‘तारखा’ होते.

फाइली व्हॉट्सअॅपवर पाठवायच्या तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, एरवी आवाज दाबला जातो. दोन पेनड्राइव्ह घ्या, हजार-बाराशेत येतील. एक चर्चच्या कपाटात, दुसरा दुसऱ्या गावात कुणाकडे तरी. न वापरलेला पेनड्राइव्ह काही वर्षांत दगा देतो, म्हणून दर वर्षी एका ठरलेल्या रविवारी दोन्ही उघडून तपासायचे आणि नवी प्रत करायची. हे काम एका नावावर टाका, ‘संघ करेल’ असे लिहू नका.

उरलेल्या पैशांत शब्दांची पुस्तिका होते. ए-फोर आकाराचे चार कागद मधोमध दुमडले की १६ पाने. झेरॉक्सचा दर एका बाजूला दीड रुपया धरला तर एक प्रत १२ रुपयांना, १०० प्रती १,२०० रुपयांना. नारायण वामन टिळक १९१९ साली वारले, त्यांच्या पदांवरचा हक्क कधीच संपला आहे, ती मोकळेपणाने छापा. अलीकडच्या कवींच्या गीतांसाठी त्यांची किंवा वारसांची लेखी परवानगी घ्या. आणि गाणाऱ्यांकडूनही, रेकॉर्डिंग इतरांना द्यायला हरकत नाही अशा दोन ओळी सहीनिशी, त्याच दिवशी.